ड्रोनचा कॅमेरा स्थिर का राहत नाही? दोषाची ओळख व उपाय



ऊस सहा-सात महिन्यांचा झाला की त्याच्या आत शिरून पाहणी करणे अवघड होते. बांधावरून पहिल्या चार सरी दिसतात, मधल्या क्षेत्रात काय चालले आहे ते कळत नाही. कुठे नांग्या पडल्या, कुठे ऊस लोळला, ठिबकची नळी फुटून कुठे पाणी साचले, हुमणीमुळे कोणत्या भागातील बेटे पिवळी पडून वाळू लागली, या गोष्टी वरून पाहिल्यास चटकन लक्षात येतात. केळी, द्राक्ष व डाळिंब बागायतदारांचाही हाच अनुभव आहे. यामुळे अलीकडे काही बागायतदार कॅमेऱ्याचा छोटा ड्रोन वापरू लागले आहेत. फवारणीचा मोठा ड्रोन वेगळा. या लेखात फक्त चित्रण करणाऱ्या छोट्या ड्रोनचा विचार केला आहे.

या ड्रोनबाबत नेहमी येणारी तक्रार म्हणजे, "चित्र थरथरते", "शेत तिरके दिसते" किंवा "कॅमेरा मान टाकतो". तक्रार सारखी वाटली तरी त्यामागची कारणे निरनिराळी असतात. काही कारणे शेतावरच पाच मिनिटांत दूर होतात, काहींना जाणकार कारागीर लागतो. नेमके कारण न ओळखता दुरुस्तीला दिल्यास पात्यांची जोडी बदलून भागणारे असते तेथे कॅमेऱ्याचा संपूर्ण संच बदलण्याचा खर्च अंगावर येतो. म्हणून दोष कसा शोधावा, घरी काय करावे आणि काय करू नये, याची माहिती येथे क्रमवार दिली आहे.

चित्र स्थिर असणे का महत्त्वाचे?

चित्र थोडे हलले तर काय बिघडले, असे वाटणे साहजिक आहे. पण शेतातील उपयोगासाठी हा दोष महाग पडतो. साधा हिशेब पाहू. ड्रोन ४० मीटर उंचीवर आहे आणि कॅमेरा सरळ खाली पाहत आहे, असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो एका बाजूला ५ अंश कललेला आहे. अशा वेळी चित्राच्या मध्यावर दिसणारी जागा ड्रोनच्या बरोबर खाली नसून सुमारे साडेतीन मीटर बाजूला असते. उसाच्या सरी चार फुटांवर असतील तर हा फरक जवळजवळ तीन सरींचा होतो. चित्रात वाळलेली बेटे पाहून आपण मजुराला सरी मोजून आत पाठवतो आणि तो चांगल्या उसापाशी जाऊन पोहोचतो. उंची वाढेल तशी ही चूकही वाढत जाते. ६० मीटरवर तेवढाच कल सव्वापाच मीटरची चूक करतो.

थरथरत्या चित्रात पानांचा रंग एकमेकांत मिसळतो. सुरुवातीचा पिवळेपणा, फुटलेली ठिबक नळी, लहान रोपांतील नांग्या अशा बारीक खुणा नाहीशा होतात. रोगाचा वा किडीचा उपद्रव लहान पट्ट्यात असतानाच तो दिसावा म्हणून आपण ड्रोन उडवतो. नेमके तेच साधत नाही.

कॅमेरा स्थिर कसा राहतो?

डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन बांधावरून चालणारी बाई आपण पाहिली आहे. पाय वर-खाली पडतात, कंबर हलते, परंतु मान प्रत्येक हालचालीला उलट दिशेने सावरते आणि हंडा सरळ राहतो. ड्रोनमध्ये हेच काम कॅमेरा धरणारी यंत्रणा करते. तिला गिंबल म्हणतात. गिंबलचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे आहेत.

१) सेन्सर : कॅमेरा कोणत्या बाजूला व किती वेगाने कलतो आहे हे सेन्सर सतत मोजतात. गुरुत्वाकर्षणाची दिशाही त्यांना कळते. त्यावरून खाली कुठे व वर कुठे, हे ठरते.

२) छोट्या मोटरी : सेन्सरने कल कळवताच या मोटरी कॅमेऱ्याला तेवढेच उलट फिरवतात. तीन अक्षांच्या गिंबलमध्ये तीन मोटरी असतात. एक वर-खाली पाहण्यासाठी, दुसरी डावी-उजवीकडील कल सावरण्यासाठी आणि तिसरी बाजूला वळण्यासाठी. काही ड्रोनमध्ये दोनच अक्ष असतात.

३) चपटी केबल : कागदाच्या पट्टीसारखी पातळ केबल गिंबलच्या सांध्यांतून गेलेली असते. वीज व संदेश तिच्यातून जातात. हा सर्वांत नाजूक भाग आहे.

४) रबरी गोळ्या : गिंबल ड्रोनच्या अंगाला थेट जोडलेले नसते. मध्ये तीन-चार मऊ रबरी गोळ्या किंवा बुशा असतात. पंख्याची बारीक थरथर त्या शोषून घेतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोटरी मोठ्या व सावकाश हालचाली सावरतात, म्हणजे ड्रोनचे कलणे आणि वळणे. रबरी गोळ्या बारीक व वेगवान थरथर अडवतात. त्यामुळे चित्र मोठ्या लयीत डोलत असेल तर संशय मोटरी व सेन्सरवर घ्यावा, आणि चित्रात बारीक लहरी उठत असतील तर पाती व रबरी गोळ्यांवर घ्यावा. अर्धे निदान येथेच होते.

स्वस्त ड्रोनमध्ये गिंबल नसते किंवा एकाच अक्षाचे असते. तेथे चित्राच्या कडा कापून व चित्र सरकवून ते स्थिर केल्यासारखे दाखवले जाते. याला इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण म्हणतात. ही युक्ती भरपूर उजेडात बरी चालते. सकाळी लवकर वा संध्याकाळी प्रत्येक चित्रच अस्पष्ट निघते, आणि अस्पष्ट चित्र सरकवून स्पष्ट होत नाही. आपल्या ड्रोनमध्ये कोणती पद्धत आहे हे प्रथम माहितीपुस्तिकेत पाहावे. जे यंत्रातच नाही ते दुरुस्तीने येत नाही.

प्रथम खात्री करा : दोष गिंबलचाच आहे का?

अनेकदा गिंबल चांगले असते आणि दोष दुसरीकडेच असतो. म्हणून पुढील तीन बाबी आधी तपासाव्यात.

१) मोबाईलवरील चित्र अडखळते का? उडताना मोबाईलवर दिसणारे चित्र हवेतून येत असते. मध्ये झाडे, घर किंवा उंच ऊस आला की ते तुटक येते. ड्रोनमधील मेमरी कार्डावर साठलेले चित्रण घरी येऊन पाहावे. ते चांगले असेल तर कॅमेऱ्यात काही दोष नाही. कार्डावरील चित्रणही अडखळत असेल, परंतु कल व थरथर नसेल, तर कार्ड धिमे असू शकते. पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे कार्ड वापरावे.

२) उजेड कमी होता का? ड्रोन सेकंदाला ५ मीटर वेगाने जात असताना कॅमेऱ्याचे शटर सेकंदाचा ५० वा भाग उघडे राहिले, तर तेवढ्या वेळात ड्रोन १० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. चित्र तेवढे फासटले जाते. शटर सेकंदाच्या ५०० व्या भागावर ठेवल्यास हेच अंतर एक सेंटिमीटर होते. पिकाचे फोटो घेताना भरपूर उजेड, जलद शटर व कमी वेग ठेवावा. फोटोपुरते जागेवर थांबणे सर्वांत उत्तम.

३) काच स्वच्छ आहे का? फवारणीचे शिंतोडे, धूळ, बोटाचे ठसे किंवा थंड जागेतून बाहेर आणल्यावर काचेवर धरलेले दव, यांमुळेही चित्र धूसर दिसते. चष्म्याच्या मऊ कोरड्या कापडाने काच हलकेच पुसावी.

लक्षणावरून कारण ओळखा

अ) चित्रात लहरी उठतात, खांब व सरी वेड्यावाकड्या हलतात

पातेल्यातील खरवस हलावा तसे चित्र हलते. या ड्रोनमधील बहुतेक कॅमेरे संपूर्ण चित्र एकाच क्षणी टिपत नाहीत, वरून खाली ओळीमागून ओळ टिपत जातात. तेवढ्या वेळात कॅमेऱ्याला बारीक हिसके बसले की वरच्या ओळी एकीकडे व खालच्या दुसरीकडे जातात. समजा पंखा मिनिटाला ६,००० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला १०० फेरे झाले. त्याचे एक पाते थोडे जड असेल तर सेकंदाला १०० हिसके बसतात. कॅमेरा सेकंदाला ३० चित्रे घेत असेल तर प्रत्येक चित्राच्या वाट्याला तीन हिसके येतात.

याची कारणे शक्यतेच्या क्रमाने अशी :

- पात्याची कड तुटलेली किंवा पाते वाकलेले, चिरलेले. उसाच्या पानाला पाते नुसते घासले तरी कडेला खाचा पडतात.
- पात्यांवर चिखल, फवारणीचे औषध किंवा किडे चिकटलेले.
- पात्याचा स्क्रू सैल.
- रबरी गोळी निसटलेली, फाटलेली किंवा उन्हाने कडक झालेली.
- पंख्याच्या मोटरीचे बेअरिंग खराब किंवा मोटरीत माती.

उपाय : पाती उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहावीत आणि कडेवरून नख फिरवावे. खाच लागल्यास पाते बदलावे. तुटलेली कड कानशीने घासून किंवा चिकटपट्टी लावून वापरू नये. एका मोटरीवरील दोन्ही पाती एकाच वेळी बदलावीत, कारण त्यांचे वजन जुळवलेले असते. पाती उजवी व डावी अशी दोन प्रकारची असतात, त्यांवरील खूण मोटरीवरील खुणेशी जुळवूनच बसवावीत. रबरी गोळ्या मोजाव्यात. एखादी छिद्रातून अर्धवट बाहेर आली असल्यास बोथट चिमट्याने हळूच ओढून बसवावी.

कॅमेऱ्यावर काळसर काच लावून शटर धिमे केल्यास लहरी कमी दिसतात, हे खरे आहे. परंतु तेवढ्याने हिसके थांबत नाहीत, फक्त चित्र मऊ होते. पीकपाहणीसाठी हा उपाय उपयोगाचा नाही.

आ) क्षितिज किंवा शेत एका बाजूला कललेले दिसते

डोंगराळ भागात हा दोष ओळखताना फसगत होते, कारण जमीनच उताराची असते. म्हणून क्षितिजाऐवजी विजेचा सरळ उभा खांब किंवा घराच्या भिंतीचा कोपरा निवडावा. ड्रोन सुरक्षित अंतरावर, तारांपासून दूर, जागीच स्थिर ठेवून तो खांब चित्राच्या बरोबर मध्यभागी घ्यावा. चित्राच्या कडेला भिंगामुळे सरळ वस्तूही वाकडी दिसते, म्हणून मध्यभागच पाहावा. खांब तिरका दिसल्यास कल खरा आहे असे समजावे.

कल नेहमी सारखाच असेल तर कॅलिब्रेशन बिघडले आहे किंवा ड्रोन पडल्यामुळे गिंबलचा हात वाकला आहे. जोरात वळल्यावरच कल येत असेल आणि काही सेकंद जागी थांबल्यावर आपोआप जात असेल, तर ती सेन्सरची तात्पुरती चूक आहे. वेगाने वळताना बसणाऱ्या ओढीमुळे सेन्सरला खालची दिशा ठरवता येत नाही. अशा वेळी दुरुस्ती नको, वळणे सावकाश घ्यावीत.

इ) सुरू करताच गिंबल झटके देते किंवा मोटरीवर जादा भार असल्याची सूचना येते

शेतकऱ्यांच्या ड्रोनमध्ये हा प्रकार अधिक संभवतो, कारण उड्डाण गवतातून किंवा ढेकळांतून केले जाते. ड्रोन सुरू होताच गिंबल चारी बाजूंना फिरून स्वतःची तपासणी करते. त्या वेळी गवताची काडी, ढेकूळ किंवा काढायची राहिलेली संरक्षक क्लिप आड आली तर मोटर अडते आणि यंत्रणा तिची वीज कमी करते. असे वारंवार झाल्यास मोटर तापते.

उपाय : ड्रोन ताबडतोब बंद करावा. क्लिप काढली आहे का ते पाहावे. बंद अवस्थेत कॅमेरा एका बोटाने अगदी हलके प्रत्येक दिशेला फिरवून पाहावा. तो लोण्यासारखा फिरला पाहिजे. कुठे खरखर लागल्यास तेथे वाळू किंवा माती आहे. कॅमेरा साफ करण्याचा रबरी फुगा दाबून हवेने ती उडवावी. पंक्चर काढणाऱ्याकडील कॉम्प्रेसरची हवा मारू नये, तिच्या जोराने केबल निघते व धूळ आत जाते. मोटरीत तेल वा ग्रीस घालू नये. कॅमेऱ्यावर त्या मॉडेलसाठी नसलेली जादा काच लावली असल्यास ती काढावी, कारण तेवढ्या वजनानेही तोल जातो.

ई) कॅमेरा मान टाकतो, सावरत नाही

ड्रोन सुरू केल्यावरही कॅमेरा लुळा लोंबत असेल तर गिंबलच्या मोटरींना वीज किंवा संदेश पोहोचत नाही. चपटी केबल तुटणे वा तिचे टोक निसटणे हे याचे नेहमीचे कारण. पडझडीनंतर हे हमखास पाहावे. केबलवर चीर किंवा तीव्र घडी दिसल्यास घरी उघडाउघड करू नये. मात्र ड्रोन उन्हात तापलेला असताना असे झाले असेल, तर अर्धा तास सावलीत ठेवून पुन्हा पाहावे.

उ) फक्त वाऱ्यात चित्र हलते

गिंबलच्या फिरण्याला मर्यादा असते. वाऱ्याला तोंड देण्यासाठी ड्रोन फार कलला की गिंबल आपल्या टोकाला जाऊन थडकते आणि चित्राला धक्का बसतो. पूर्ण वेगाने उडवल्यावरही असेच होते. कधी चित्रात वरच्या कोपऱ्यात पातीही दिसू लागतात. हा बिघाड नव्हे. वाऱ्याचा अंदाज झाडांवरून घ्यावा. पाने व बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर वारा ताशी १२ ते १९ किलोमीटर असतो. लहान झाडे संपूर्ण डोलू लागली तर तो ताशी २९ ते ३८ किलोमीटर असतो. अशा वेळी छोटा ड्रोन उडवू नये. शिवाय जमिनीपेक्षा वर वारा अधिक असतो, हे विसरू नये. पीकपाहणीसाठी सकाळची, ऊन पुरेसे वर आल्यानंतरची शांत वेळ निवडावी आणि सावकाश उड्डाणाची पद्धत वापरावी.

ऊ) ड्रोन जागी थांबत नाही, गोल फिरतो व चित्र हळूहळू वळते

येथे गिंबलपेक्षा होकायंत्राचा संशय घ्यावा. ट्रॅक्टरची ट्रॉली, पत्र्याचे शेड, लोखंडी मांडव, विहिरीवरील मोटर यांच्या जवळून उड्डाण केल्यास होकायंत्र चुकते. पंधरा-वीस पावले मोकळ्या जागेत जाऊन पुन्हा सुरुवात करावी. तरीही सूचना येत राहिल्यास तेथेच होकायंत्राचे कॅलिब्रेशन करावे.

क्रमवार तपासणी

दोष शोधताना एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम वहीत लिहावा. पाती, गोळ्या व कॅलिब्रेशन हे सर्व एकदम बदलल्यास गुण कशाने आला हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेवढाच खर्च होतो.

पहिली पायरी : ड्रोन बंद ठेवून पाहणी करावी. क्लिप, पाती, रबरी गोळ्या, केबल व गिंबलचे हात पाहावेत. चारही पंख्यांच्या मोटरी बोटाने फिरवून एकमेकींशी तुलना करावी. जी खरखरते, अडते किंवा आडवी हलते ती सदोष समजावी.

दुसरी पायरी : सर्व पाती काढून ठेवावीत. मगच ड्रोन सुरू करावा. पाती असताना ड्रोन हातात धरून ही तपासणी कधीही करू नये. पंख्याच्या मोटरी न चालवता ड्रोन हातात धरून पुढे-मागे व डावी-उजवीकडे हळू कलवावा. कॅमेरा हंड्यासारखा सरळ राहिला पाहिजे. तो एखाद्या दिशेला सावरत नसेल तर त्या दिशेची मोटर किंवा केबल सदोष आहे. मोटरी बंद असूनही कॅमेरा थरथरत असेल तर दोष गिंबलमध्येच आहे.

तिसरी पायरी : दुसऱ्या पायरीत सर्व ठीक आढळल्यास पाती पुन्हा बसवावीत. मोकळ्या जागेत, माणसे व जनावरे दूर ठेवून, वारा नसताना ड्रोन दोन-तीन मीटर उंचीवर एक मिनिट स्थिर ठेवून चित्रण करावे. आता थरथर आली तर ती पंख्याकडून येते. नवी पाती बसवून हीच तपासणी पुन्हा करावी. थरथर गेली तर काम झाले. न गेल्यास रबरी गोळ्या, त्यानंतर मोटरीचे बेअरिंग असा क्रम घ्यावा.

चौथी पायरी : थरथर नाही पण कल आहे, अशा वेळी कॅलिब्रेशन करावे.

कॅलिब्रेशन कसे करावे?

कॅलिब्रेशन म्हणजे यंत्राला "हे सपाट आहे" असे शिकवणे. शिकवताना जागाच तिरकी असेल तर यंत्र चुकीचेच शिकते. म्हणून जागेची निवड महत्त्वाची.

१) घरातील पक्की फरशी किंवा जड टेबल घ्यावे. गवंड्याची पाणसळ ठेवून ते दोन्ही दिशांनी सपाट असल्याची खात्री करावी. पाणी वाहून जावे म्हणून अंगण व पडवीच्या फरशीला उतार दिलेला असतो. ती जागा टाळावी.
२) बॅटरी पुरेशी भारलेली असावी. ड्रोन नुकताच उडवून गरम झालेला नसावा.
३) संरक्षक क्लिप काढावी. कॅमेऱ्याभोवती काही नसावे. पंखा, धान्य दळण्याची चक्की अशी जमीन हादरवणारी यंत्रे बंद ठेवावीत.
४) मोबाईलवरील ड्रोनच्या ॲपमध्ये गिंबलच्या भागात स्वयंचलित कॅलिब्रेशन निवडावे. ते पूर्ण होईपर्यंत ड्रोनला वा टेबलाला हात लावू नये.
५) त्यानंतर खांबाची तपासणी पुन्हा करावी. कल राहिल्यास ड्रोनच्या मुख्य सेन्सरचे कॅलिब्रेशन करावे. त्यात काही ड्रोन वेगवेगळ्या बाजूंवर ठेवायला सांगतात. सूचना जशा येतील तसेच करावे.
६) एवढे करूनही थोडा कल उरल्यास ॲपमधील कल दुरुस्तीच्या सोयीने तो काढावा.

मात्र पडलेल्या ड्रोनचा वाकलेला हात या सोयीने झाकू नये. हात वाकला असेल तर मोटरीवर सतत भार पडतो आणि ती काही काळाने जाते. ॲप व ड्रोनमधील सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर दोष सुरू झाला असल्यास प्रथम कॅलिब्रेशनच करून पाहावे.

काय करू नये?

- गिंबल हाताने जोरात फिरवू नये. चालू असताना तर मुळीच धरू नये.
- निसटलेला भाग झटपट चिकटणाऱ्या गोंदाने चिकटवू नये. रबरी गोळी गोंदामुळे कडक होते व थरथर सरळ कॅमेऱ्यात जाते.
- ओल्या फडक्याने किंवा रॉकेलने मोटरी पुसू नयेत.
- हमी मुदत चालू असताना स्क्रू उघडू नयेत.
- फुगलेली बॅटरी वापरू नये. ती आगीला कारण होते.

दुरुस्तीला नेताना

थरथरणारे वा कललेले चित्रण कार्डावर घेऊन जावे आणि वहीतील नोंदी दाखवाव्यात. "कॅमेरा बिघडला आहे" असे मोघम सांगू नये. "पाती काढून पाहिले, मोटरी बंद असताना कॅमेरा उजवीकडचा कल सावरत नाही" असे नेमके सांगावे. अनेक मॉडेलमध्ये चपटी केबल, गिंबलचा हात, एखादी मोटर व रबरी गोळ्यांची पट्टी हे भाग सुटे बदलता येतात. म्हणून संपूर्ण संच बदलण्यास सांगितल्यास कोणता भाग गेला आहे, तो सुटा बदलता येतो का, हे विचारावे. खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा व काढलेला जुना भाग परत मागावा.

भारत सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी बनावटीचे पूर्ण ड्रोन आयात करण्यास बंदी घातली. संशोधन, संरक्षण व सुरक्षा या कारणांचा अपवाद ठेवला. सुट्या भागांना त्यातून वगळले होते. तरीही ड्रोन विकत घेण्यापूर्वी त्याचे सुटे भाग व दुरुस्तीची सोय जवळपास आहे का, याची चौकशी करणे शहाणपणाचे ठरते.

दोष होऊ नये म्हणून

उड्डाणासाठी दोन फूट लांब-रुंद प्लायवूडची फळी सोबत ठेवावी. गवत व धूळ या दोन्हींपासून गिंबल वाचते. नुसते गोणपाट अंथरल्यास पंख्याच्या हवेने ते उडून पात्यात अडकते. परतल्यावर ड्रोन बंद करून संरक्षक क्लिप लावावी, मगच तो पेटीत ठेवावा. मोटरसायकलवरून नेताना क्लिप नसेल तर रस्त्याच्या धक्क्यांनीच केबल जाते. पेटी खते व औषधांच्या खोलीत ठेवू नये. उन्हात उभ्या केलेल्या जीपमध्येही ठेवू नये. पावसाळ्यात पेटीत ओलावा शोषणारी पुडी टाकावी. ड्रोन बरेच दिवस वापरायचा नसेल तर बॅटरी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी न ठेवता साधारण निम्मी भारून ठेवावी.

ड्रोन नियम, २०२१ नुसार ड्रोनचे वजनावरून वर्ग पाडले आहेत. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो व त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. हरित क्षेत्रात ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटर उंचीपर्यंत उडवता येते. विमानतळ व संरक्षण स्थळांजवळ निर्बंध आहेत. आपल्या ड्रोनची नोंदणी, आपल्या गावाचे क्षेत्र व चालू नियम यांची खात्री करूनच उड्डाण करावे. दुरुस्तीनंतरचे चाचणी उड्डाणही याला अपवाद नाही.

थोडक्यात ओळख

लहरी उठणे – पाती, रबरी गोळ्या, बेअरिंग – प्रथम पाती बदला.
कायमचा कल – कॅलिब्रेशन, वाकलेला हात – पाणसळ लावून कॅलिब्रेशन करा.
वळल्यावर तात्पुरता कल – सेन्सरची चूक – सावकाश वळा.
सुरुवातीला झटके – क्लिप, गवत, माती – बंद करून अडथळा काढा.
मान टाकणे – चपटी केबल, उष्णता – सावलीत ठेवा, न सुधारल्यास कारागिराकडे द्या.
फक्त वाऱ्यात धक्के – गिंबलची मर्यादा – वेग कमी करा, शांत वेळ निवडा.
फक्त मोबाईलवर अडखळणे – संदेशाची अडचण – कार्डावरील चित्रण पाहा.
फासटलेले फोटो – कमी उजेड, धिमे शटर – थांबून फोटो घ्या.

ही यादी कापून ड्रोनच्या पेटीत चिकटवून ठेवावी. प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला, पिकाची पहिली पाहणी करण्यापूर्वी, वरील तीन पायऱ्यांची तपासणी एकदा करून घ्यावी. त्यासाठी अर्धा तास पुरतो. हा अर्धा तास दिल्यास ऐन गरजेच्या वेळी चित्र सरळ मिळते, आणि चित्रातील वाळलेले बेट शेतातही त्याच सरीत सापडते.